बासपासून सुरुवात: जुनं फंक आणि डिस्को ऐकायला शिकताना

आपण गाणं वरून ऐकतो. आधी शब्द, मग चाल, मग गायकाचा गळा, आणि साथ करणारी वाद्यं सगळ्यांच्या मागे. भावगीत असो, नाट्यपद असो की हिंदी सिनेमातलं गाणं, कानाला ही सवय लहानपणीच लागते. त्याच कानांनी १९७०च्या दशकातलं अमेरिकन फंक किंवा डिस्को ऐकायला घेतलं की हमखास एक तक्रार येते: "तेच तेच चाललंय, पुढे काही होतच नाही." मुखडा संपून अंतरा कधी येतो याची वाट बघत बसलात, तर या संगीतात खरंच फारसं काही होत नाही. जे होतं ते खाली, बास गिटार (खर्जातले स्वर देणारी जाड तारांची गिटार) आणि ड्रमच्या आसपास. एकदा कान तिथे बसला की त्याच आवर्तनात इतकं काही घडताना ऐकू येतं की आठ मिनिटांचं गाणं अपुरं वाटतं.

त्यासाठी संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. थोडी चिकाटी हवी आणि ऐकण्याचा क्रम योग्य हवा. मला जो क्रम सगळ्यात उपयोगी वाटतो तो पुढे देतो आहे.

आधी आवाजाची सोय करा

बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तो स्वर बाहेर पडतच नाही. म्हणजे फोनवर फंक ऐकणाऱ्याला गाण्याचा पायाच ऐकू येत नाही. महागड्या यंत्रणेची गरज नाही. बरे हेडफोन किंवा टेबलावर ठेवायचे दोन साधे स्पीकर पुरतात. 'बास बूस्ट' मात्र बंद ठेवा. त्याने बास वाढतो खरा, पण त्यातले वेगवेगळे स्वर एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट उरतो.

दुसरी काळजी आवृत्तीची. यातल्या बहुतेक गाण्यांची रेडिओसाठी कापलेली तीन-साडेतीन मिनिटांची आवृत्तीही मिळते, आणि शोधल्यावर तीच आधी समोर येते. आपल्याला अल्बमवरची किंवा बारा इंची तबकडीवरची लांब आवृत्ती हवी. रेडिओसाठी नेमका तो वाद्यांचा भाग कापलेला असतो, ज्याच्यासाठी हे संगीत ऐकायचं.

एक गाणं, चार वेळा

पहिल्या आठवड्यात एकच गाणं ऐका: शीक या न्यूयॉर्कच्या बँडचं १९७९चं 'गुड टाइम्स', 'रिस्के' अल्बमवरचं, आठ मिनिटांचं. पूर्ण गाणं जेमतेम दोन कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन गटांवर उभं आहे. त्यामुळे चालीत गुंतून पडायची भीती नाही.

पहिल्या वेळी फक्त बर्नार्ड एडवर्ड्सचा बास ऐका. सुरुवातीला एकाच स्वरावर तीन ठोके येतात: डम, डम, डम. मग थोडी मोकळी जागा. त्यानंतर बास वर चढतो, वळसा घेतो आणि पुन्हा त्या तीन ठोक्यांवर येतो. ही ओळ तोंडाने गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. गुणगुणताना लक्षात येईल की ती मोकळी जागा तितकीच महत्त्वाची आहे. ती भरून टाकली तर ओळीचा डौल जातो.

दुसऱ्या वेळी नाइल रॉजर्सची गिटार. ती शोधावी लागते, कारण ती ओरडत नाही. प्रत्येक मात्रेचे चार भाग करा आणि मनात 'तकधिमि तकधिमि' म्हणत राहा. रॉजर्सचा उजवा हात चार मात्रांच्या या सोळा अक्षरांवर सतत खालीवर चाललेला असतो. डाव्या हाताची बोटं मात्र काही अक्षरांवरच तारा दाबतात, आणि बाकी वेळी नुसती टेकलेली असतात. दाबल्यावर कॉर्ड वाजते, टेकल्यावर 'चक' असा कोरडा आवाज येतो. गिटार इथे अर्धं तालवाद्य झालेली असते. मला तर हा उजवा हात ऐकण्यासाठीच हे गाणं पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं.

तिसऱ्या वेळी टोनी थॉम्प्सनचे ड्रम. खालचा मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर, न चुकता. हा नियम पुढे डिस्कोत सगळीकडे भेटेल. चौथ्या वेळी व्हायोलिनं आणि गाणाऱ्या बायकांचे आवाज. आपण एरवी जिथून सुरुवात केली असती, तिथे सगळ्यात शेवटी पोचायचं.

त्यानंतर गाणं सलग ऐका आणि मधल्या भागाकडे लक्ष ठेवा. तिथे वरची वाद्यं बाजूला होतात, बास आणि ड्रम उरतात, आणि मग एकेक वाद्य परत येऊन बसतं. नाचणाऱ्यांसाठी हा गाण्याचा कळस. त्याच वर्षी शुगरहिल गँगने याच ठेक्यावर 'रॅपर्स डिलाइट' केलं आणि रॅप हा प्रकार घराघरांत पोचला. पुढे रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची नावं त्या गाण्याच्या श्रेयात घालावी लागली. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८०च्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मधला बासही याच घराण्यातला आहे.

सम शोधा

आता मागे, फंकच्या उगमाकडे. जेम्स ब्राउन हा साउथ कॅरोलायनात जन्मलेला, जॉर्जियात वाढलेला गायक. त्याच्या आधीच्या रिदम अँड ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ब्राउनने वजन उचलून पहिल्या मात्रेवर ठेवलं. त्याचे वादक त्याला नुसतं 'द वन' म्हणत. पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र आले की उरलेल्या तीन मात्रांत प्रत्येकाने आपल्याला दिलेला छोटासा तुकडा वाजवायचा आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर हजर व्हायचं.

तबल्याची साथ ऐकून वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. समेवर मान हलणं आपल्याकडे उपजतच असतं. फरक आहे तो अंतराचा. ख्यालात समेची वाट बघायला लावतात, तिथपर्यंतचा प्रवास रंगवतात. फंकमध्ये दर दोन-चार सेकंदांनी सम येते, आणि तिची ओढ सतत अंगात राहते.

सरावासाठी १९७०चं 'सेक्स मशीन' घ्या. फक्त पहिल्या मात्रेवर टाळी द्या, बाकी तीन मात्रा हात मोकळे. बसून जमत नसेल तर उभे राहा आणि त्या मात्रेवर पाय टेका. हे संगीत नाचण्यासाठीच केलेलं आहे, आणि कानाच्या आधी गुडघ्याला कळतं. ही टाळी जमली की इथला बास ऐका. वाजवणारा बूट्सी कॉलिन्स तेव्हा विशीतही पोचला नव्हता.

मग १९६७चं 'कोल्ड स्वेट' लावा. सात मिनिटांचं, त्यामुळे सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, दोन बाजूंवर वाटून छापावं लागलेलं. बराच वेळ एकच कॉर्ड. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट चाल वाजवत नाहीत, ते ड्रमसारखे ठोके देतात. ब्राउन स्वतःही गातो कमी आणि हुंकार, किंकाळ्या, आज्ञा यांतून ताल हाकतो जास्त. ही शिस्त सैल नव्हती. चुकीच्या सुरासाठी तो वादकांना दंड करत असे.

या टप्प्यावर 'फंकी ड्रमर' ऐकायलाच हवं. गाणं १९७०चं. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन सगळ्यांना थांबवतो आणि क्लाइड स्टबलफील्डचे ड्रम एकटे वाजू लागतात. डाव्या काठीचे अगदी हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके मोठ्या ठोक्यांच्या मधल्या फटी भरत जातात. त्यांनाच 'घोस्ट नोट' म्हणतात. आवाज थोडा वाढवून ते हलके ठोकेच तेवढे पकडायचा प्रयत्न करा. पुढे पब्लिक एनिमीपासून कितीतरी हिपहॉप कलाकारांनी हे काही सेकंद उचलून आपली गाणी रचली. लेखनाच्या श्रेयात नाव नसल्यामुळे स्टबलफील्डला त्या वापराचं मानधन मिळालं नाही. या संगीताच्या इतिहासातला हा अन्याय मला आजही बोचतो.

फंकच्या फांद्या

सम सापडली की फंकमध्ये कुठेही शिरा. माझी निवड अशी.

न्यू ऑर्लिन्सचा द मीटर्स. १९६९चं 'सिसी स्ट्रट' तीन मिनिटांचं आहे आणि त्यात शब्द नाहीत. चौघे वादक: ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बासवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रमवर झिगाबू मॉडेलिस्ट. त्या शहरातल्या मिरवणुकींच्या बँडची चाल झिगाबूच्या हातात उतरली आहे. ठोका अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा किंवा आधी पडतो आणि अंग झुलायला लागतं. गर्दी नसलेलं संगीत कसं असतं ते इथे ऐका.

सॅन फ्रान्सिस्कोचा स्लाय अँड द फॅमिली स्टोन. या बँडमध्ये काळे-गोरे, स्त्री-पुरुष एकत्र वाजवत, जे १९६०च्या दशकाच्या अमेरिकेत सहज दिसणारं दृश्य नव्हतं. त्यांचा बासवादक लॅरी ग्रॅहम पोरवयात आईबरोबर कार्यक्रम करायचा. साथीला ड्रमवाला नव्हता. म्हणून तो अंगठ्याने जाड तार ठोकून मोठ्या ड्रमचा आणि बोटाने बारीक तार खेचून स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा आवाज काढू लागला. 'स्लॅप बास' तिथून आला. तो ऐकायचा असेल तर १९६९च्या शेवटी आलेलं 'थँक यू' घ्या.

स्टीव्ही वंडरचं १९७२चं 'सुपरस्टिशन'. यातलं करकरीत वाद्य बरेच जण गिटार समजतात. ते क्लॅव्हिनेट, म्हणजे पट्टी दाबली की आतली तार वाजवणारं विजेवरचं कीबोर्ड. सुरुवातीचे ड्रमही स्टीव्हीचेच.

जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकसाठी मात्र घाई करू नका. १९७५च्या 'मदरशिप कनेक्शन'मध्ये अवकाशयानं, विनोद, वीस-वीस आवाजांचा कल्लोळ आहे आणि नवख्या कानाला ते अंगावर येतं. आधी १९७८चं 'फ्लॅश लाइट' ऐका. तिथला बास बर्नी वॉरेलने मिनीमूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्यावर वाजवला आहे. तारेच्या बासवर न जमणाऱ्या घसरगुंड्या त्यात आहेत. ज्यांना जॅझ आवडतं त्यांनी हर्बी हॅनकॉकच्या १९७३च्या 'हेड हंटर्स'कडे वळावं.

फिलाडेल्फियाचा हाय-हॅट

डिस्को वेगळं कुठे होतं हे कानाने ओळखायची एक सोपी खूण आहे. ड्रमर अर्ल यंगने हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये, १९७३ साली, मोठा ड्रम चारही मात्रांवर सरळ ठेवला आणि दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडमीट करायच्या जोडीच्या झांजा किंचित उघडल्या. 'धम-त्स, धम-त्स'. डिस्को म्हटल्यावर आपल्या डोक्यात जो आवाज येतो तो हा. फंकमध्ये ताल तुटक असतो आणि समेवर येऊन सांधला जातो, डिस्कोत तो सलग वाहतो. म्हणून डिस्कोवर कुणालाही नाचता येतं. तेच या प्रकाराला कमी लेखायचं कारण बनवलं गेलं, पण मला त्यात मोठेपणा दिसतो.

यंग सिग्मा साउंड स्टुडिओतल्या एमएफएसबी या तीसहून अधिक वादकांच्या ताफ्यातला होता. गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांसाठी हा ताफा व्हायोलिनं, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि फंकचा बास एकाच खोलीत बसवायचा. त्यांचं १९७४चं 'टीएसओपी' ऐकताना आधीसारखंच खालून वर चढा. व्हायोलिनांचा मुलामा बाजूला केला की खाली अस्सल फंक सापडतं.

आणखी एक माणूस इथे महत्त्वाचा, आणि तो वादक नव्हता. टॉम मोल्टनच्या लक्षात आलं की तीन मिनिटांत गाणं संपतं आणि रंगात आलेले नाचणारे अर्ध्यावर थांबतात. त्याने टेपचे तुकडे जोडून गाणी लांबवली, मध्ये वाद्यं काढून घेतली आणि परत आणली. ग्लोरिया गेनरच्या १९७५च्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' अल्बमची पहिली बाजू त्याने तीन गाणी न तोडता एकत्र सांधून केली. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून त्याचं गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं गेलं. खोबण्या पसरट झाल्या आणि आवाज, विशेषतः बास, कितीतरी भरदार निघाला. बारा इंची सिंगलचा जन्म असा झाला. दुकानात विकली गेलेली पहिली बारा इंची तबकडी म्हणजे डबल एक्स्पोजरचं १९७६चं 'टेन पर्सेंट', डीजे वॉल्टर गिबन्सने नऊ मिनिटांच्या पुढे नेलेलं. पूर्ण ऐका, आणि वाद्यं कुठे गळतात, कुठे परततात त्याची नोंद ठेवा.

यानंतर म्युनिक. जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी १९७७ साली डोना समरबरोबर 'आय फील लव्ह' केलं ते जवळजवळ पूर्णपणे मूग मॉड्युलर सिंथेसायझरवर. माणसाने वाजवलेला ठोका उरला तो मोठ्या ड्रमचा, कारण मूगमधून तो नीट निघेना. हेडफोन लावून ऐका: बासचा प्रत्येक स्वर एका कानात वाजतो आणि त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात त्याच्या मागच्या फटीत बसतो. म्हणून ओळ दुप्पट वेगाने पळतेय असं वाटतं. आजच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा फार मोठा भाग या एका गाण्याच्या खांद्यावर उभा आहे.

हे कुणाचं संगीत होतं

एवढं ऐकून झाल्यावर इतिहास वाचा. आधी वाचलात तर मन चकचकीत कपड्यांत आणि आरशांच्या गोळ्यात अडकेल. डिस्को घडलं ते न्यूयॉर्कच्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या जागांत. डेव्हिड मॅनक्युसोने १४ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या लॉफ्टमध्ये (जुन्या इमारतीतल्या मोठ्या मोकळ्या खोलीत) निमंत्रितांसाठी नाच ठेवला. दारू विकायची नाही आणि ध्वनियंत्रणा मात्र उत्तमच, अशी त्याची रीत. बाहेरच्या जगात ज्यांना एकमेकांना जवळ घेऊन नाचता येत नव्हतं, त्यांना तिथे नाचता येत होतं. पुढे डीजे लॅरी लेव्हनने न्यूयॉर्कच्याच पॅराडाइज गराज या क्लबमध्ये १९७७ ते १९८७ हीच परंपरा चालवली, आणि डीजे फ्रँकी नकल्सने शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये तिच्यातून हाउस हे यंत्रांच्या ठेक्यावरचं नृत्यसंगीत घडवलं.

१९७७च्या 'सॅटरडे नाइट फीव्हर' या सिनेमानंतर लाट आली आणि लाटेबरोबर कचराही आला, हे मान्य. पण १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना यजमानांना सोडून द्यावा लागला, त्यामागे केवळ कंटाळा नव्हता. तेव्हा तिथे काम करणारा आणि पुढे हाउस संगीतात नाव कमावणारा व्हिन्स लॉरेन्स सांगतो की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या कलाकारांच्या तबकड्याही होत्या. हे कळल्यावर 'डिस्को म्हणजे उथळ' हे वाक्य कुठून आलं याचा अंदाज येतो.

आपल्या गाण्यांकडे परत

आता कान तयार आहे, तर मुंबईत झालेलं काम पुन्हा काढा. कल्याणजी-आनंदजींचं १९७८च्या 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' या वेळी फक्त बास आणि ब्रासकडे लक्ष ठेवून ऐका. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन हिपहॉप गटाने २००५ साली त्याचा तुकडा उचलला तो उगाच नाही. या स्टुडिओंतल्या ब्रास आणि व्हायोलिनच्या रांगांत गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. १९८०च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं. संगीतकार बिद्दू, बंगळुरूचा, ज्याने त्याआधी १९७४ साली इंग्लंडमध्ये 'कुंग फू फायटिंग' गाजवलं होतं. नाझिया हसनचा कोवळा आवाज आपण ऐकत आलो, पण त्याखालचा बास शीकच्या शेजारी बसवण्याजोगा आहे.

आणि एक तबकडी शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी मुद्दाम. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले जुने वादक. त्यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीआर-८०८ ड्रमसाठी, टीबी-३०३ बाससाठी, ज्युपिटर-८ सुरांसाठी. त्यांवर 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललत, यमन, मालकंस, सगळे ठेक्यावर. तेव्हा ती फारशी विकली गेली नाही. टीबी-३०३ यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि सिंग यांना त्यात मींड दिसली. शिकागोत त्याच यंत्रातून ॲसिड हाउस हा हाउसचा प्रकार निघाला तो पाच वर्षांनी. २०१० साली तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाने चकित होऊन ऐकली. मालकंसापासून सुरुवात करा.

तबकड्या घ्यायच्या असतील तर

चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात शोधलं तर बोनी एम आणि ॲबाच्या भारतात छापलेल्या प्रती भेटतात, अस्सल फंक क्वचित. तबकडी बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. केसासारखे चरे चालतात, पण नखाला लागणारा चरा सोडून द्या. कडेला डोळा लावून वाक पाहा. घरातल्या जुन्या प्लेअरची सुई झिजलेली असेल तर आधी ती बदला, नाहीतर चांगली तबकडीही कायमची खराब होते.

पुढची वाट गायकांच्या नावांनी शोधू नका, वादकांच्या नावांनी शोधा. बर्नार्ड एडवर्ड्स आणि नाइल रॉजर्स आवडले तर सिस्टर स्लेजचा १९७९चा 'वी आर फॅमिली' आणि डायना रॉसचा १९८०चा 'डायना' हे दोन्ही अल्बम त्यांचेच. अर्ल यंग आवडला तर द ट्रॅम्प्सकडे जा, तो त्यांच्यातला. अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ही नावं छापलेली असतात. बासच्या पुढे कुणाचं नाव आहे ते आधी वाचा.